मामांच्या सुऱ्याची धार

माझा नवरा मडगावच्या एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. महिन्या-दीड महिन्यातून एकदा लोंढ्याला गाडी बदलून बेळगावला येतो आणि येताना कपड्यांच्या पिशवीत एक जाड कापडाची गुंडाळी असते. तिच्यात त्याच्या सुऱ्या. हॉटेलातला मोठा स्वयंपाकी आपल्या सुरीला दुसऱ्याचा हात लागू देत नाही, धारही स्वतःच लावतो. त्यासाठी नवऱ्यानं धार लावायचे दोन पाण्याचे दगड घेतले होते. एक खरबरीत, विटकरी रंगाचा, आणि एक पांढरट, हात फिरवला तर साबणाच्या वडीसारखा लागणारा. तीन-चार वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. हात बरा झाला, कांदा कापता येऊ लागला, पण दगडावर पातं एका तिरकेपणात धरून पुढं-मागं करायचं म्हटलं की मनगट दुखायचं. मग तो समोर पाटावर बसून सांगायचा आणि मी धार लावायची, असं सुरू झालं.

मला ते काम पटकन जमलं. मी मुळात एका जागी बसणारी बाई नाही. टीव्ही बघताना माझे हात पदराशी खेळतात, कुणाच्या घरी चहाला गेले तर पहिल्या घोटालाच घरी जायची घाई होते. मुलगी लग्न होऊन निपाणीला गेल्यापासून तर दुपार खायला उठायची. दगड पाण्यात टाकला की त्यातून बुडबुडे येतात. ते थांबेपर्यंत थांबायचं. मग ओल्या फडक्यावर दगड ठेवून पातं टेकवायचं आणि सुरू करायचं. दगडावर राखाडी चिखल साठत जातो, तो पुसायचा नाही, धार तोच लावतो. एक बाजू नीट झाली की पात्याच्या दुसऱ्या बाजूला एक बारीक किनार उठते. डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला कळते. ती आली की पातं उलटायचं. या कामात माझं डोकं गप्प बसायचं. गल्लीतल्या बायका आपापल्या सुऱ्या, विळ्या आणून द्यायला लागल्या, कॅम्पातली एक ओळखीची बाई केक कापायच्या सुऱ्या पाठवायची, आणि मला बरं वाटायचं.

नवऱ्यानं सुरुवातीलाच मला एक सवय लावली होती. सुरी हातात घेतली की आधी विचारायचं, हिनं काय कापायचंय. भाजी कापायची असेल तर पातं दगडावर जवळजवळ निजवायचं, हाडं-बिडं तोडायची असतील तर जरा उचलून धरायचं. विचारल्याशिवाय दगड भिजवायचा नाही.

सुगी संपली आणि एक दिवस दुपारी अण्णा आला. अण्णा म्हणजे माझ्या मामांचा थोरला मुलगा. त्यांचं गाव खानापूरच्या पुढं, जंगलाला लागून. लहानपणी मी सुट्टी पडली की तिथंच असायची, त्यामुळं मामेभाऊ असला तरी मला तो सख्ख्या भावासारखा. फोन न करता तो कधी यायचा नाही. त्या दिवशी आला, पाणी प्यायला, मुलीची चौकशी केली आणि मग पिशवीतून जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी काढून माझ्यापुढं ठेवलं.

मामांचा सुरा होता तो. मी लहानपणी तो माजघरात खुंटीला टांगलेला बघितला होता. मामांच्या तरुणपणी गावातली माणसं रानडुकराच्या शिकारीला जायची, तेव्हाचा. हातभर लांब, पाठ जाड, शिसवी मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली. पुढं शिकार बंद झाली, मामा गेले, आणि सुरा तसाच राहिला. आता गंजानं पातं लाल झालं होतं. धारेच्या जागी बोट फिरवलं तरी काही होत नव्हतं.

मी नेहमीप्रमाणं विचारलं, यानं काय कापायचंय. अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "काय न्हाय. घरात असावा धारंचा."

मला त्यात वावगं वाटलं नाही. वडिलांची वस्तू गंजत पडलीय, माणसाला वाईट वाटतं. मी त्याला दोन दिवसांनी यायला सांगितलं.

त्या दोन दिवसांत मी दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. आधी गंज काढला. चिंचेचं पाणी, राख, मग बारीक पॉलिश पेपर. खालून काळपट पोलाद निघालं, आजकालच्या चकचकीत सुऱ्यांसारखं नाही. मग खरबरीत दगड. पातं इतकं जाड होतं की मला उभ्यानं, अंगाचा भार देऊन काम करावं लागलं. दगड मध्ये खोलगट झाला, तो फरशीवर घासून पुन्हा सपाट केला. दुसऱ्या दिवशी पांढरा दगड, आणि शेवटी जुन्या वर्तमानपत्रावर पातं ओढून किनार काढून टाकली. मग टोमॅटो घेतला. त्यावर सुरा नुसता टेकवला, दाबला नाही, आणि आपल्याच वजनानं तो खाली गेला. मला इतका आनंद झाला की मी फोटो काढून नवऱ्याला पाठवला.

अण्णा आला. त्यानं सुरा हातात घेतला, उजेडाकडं धरला, आणि अंगठ्यानं धार बघितली. "झ्याक केलीस," एवढंच म्हणाला. जेवायला थांब म्हटलं तर थांबला नाही. मी त्याच फडक्यात सुरा नीट बांधून दिला आणि बजावलं, घरात पोरंबाळं आली तर वर ठेव.

त्यानंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी वहिनीचा फोन आला. अण्णाची बायको. ती माझ्याशी नेहमी तासभर बोलते, पण त्या दिवशी तिचा आवाज दबलेला होता, जणू कुणी ऐकेल. तिनं जे सांगितलं त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं.

मामांची दोन मुलं, अण्णा आणि धाकटा. धाकटा बेळगावात एका कारखान्यात नोकरीला आहे, राहतोही इथंच, आणि शेत बघायला फक्त रविवारी गावी जातो. शेताची वाटणी कधीच झालीय, त्यावरून भांडण नव्हतं. पण अण्णाच्या शेताकडं जाणारी गाडीवाट धाकट्याच्या तुकड्यातून जाते. डुकरं येऊन भाताची नासाडी करतात म्हणून धाकट्यानं आपल्या तुकड्याभोवती सोलरची झटक्याची तार ओढली आणि वाटही तारेच्या आत घेतली. अण्णानं वाट सोड म्हणून दोनदा निरोप पाठवला. धाकट्यानं वरच्या अंगानं बांधावरून जा म्हणून उलट निरोप पाठवला. समोरासमोर कुणीच बोललं नाही. मग एका संध्याकाळी अण्णाची गाभण म्हैस सवयीनं त्याच वाटेनं घराकडं निघाली, तारेला लागली, उधळली आणि चरात पडली. दुसऱ्या दिवशी तिचा गाभ पडला.

"तवापास्नं हे बोलत न्हाईत, वन्सं," वहिनी म्हणाली. "जेवत न्हाईत धड. तुमच्याकडनं सुरा आणलाय न्हवं का, तो घेऊन सोप्यात बसत्यात. काल म्हनले, रविवारी बघतो त्याला."

मी फोन ठेवला आणि तो लगेच पुन्हा उचलून अण्णाला लावला. त्याचा फोन लागला नाही. शेताकडं रेंज नसते हे मला माहीत होतं, तरी मी लावत राहिले. मग धाकट्याला लावला. त्यानं उचलला, मागं यंत्रांचा आवाज. म्हणाला, बरं चाललंय आक्का, रविवारी गावाकडं जाणार आहे, तारेची बॅटरी बदलायची आहे. मी काय सांगणार होते त्याला? जाऊ नकोस म्हणाले असते तर कशाला म्हणून विचारलं असतं. आणि मी काय ते सांगितलं असतं, तर एका भावाच्या मनात कदाचित नसलेलं मी दुसऱ्याच्या मनात घातलं असतं. मी म्हटलं, सावकाश जा. आणि ठेवला.

शनिवार कसा गेला ते मला सांगता येत नाही. मी घरात फिरत होते. भाताचा कुकर लावला आणि गॅस पेटवायचा विसरले. शेजारणीनं विळी आणून दिली होती, म्हटलं हात कामात घालू, म्हणजे डोकं गप्प बसेल. दगड भिजवला. पण ते बुडबुडे थांबायची वाट बघणंही होईना. पातं टेकवलं की मला तो टोमॅटो दिसायचा, त्यातून आपोआप खाली जाणारा सुरा. हात घसरला आणि अंगठा कापला. फार नाही, पण रक्त दगडावरच्या चिखलात मिसळलं आणि मी दगड उचलून मोरीत नेऊन ठेवला.

दुपारी नवऱ्याचा फोन आला. त्याच्या हॉटेलात जेवणाची गर्दी सरली की तो फोन करतो. मी सगळं सांगितलं. तो आधी म्हणाला, उगाच डोक्यात काही घेऊ नको, अण्णा तसला माणूस नाही. तसला माणूस नाही हे मलाही माहीत होतं. म्हटलं, माणूस तसला नसतो, पण हातात सुरा मी दिलाय. पलीकडं भांडी आपटल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "उद्या सकाळी जाऊन ये."

रविवारी पहिल्या बसनं खानापूर गाठलं. तिथून गावाकडं वडापची जीप जाते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. मी पुढच्या सीटवर बसले, उतरले, पुन्हा बसले. ड्रायव्हर चहा पीत होता. मी त्याला म्हटलं, चल की रे, आणि तो म्हणाला, आणि दोघं येऊ देत मावशी. ते दोघं आले तेव्हा ऊन चढलं होतं. वाटेत प्रत्येक वळणावर मला वाटायचं, समोरून कुणीतरी पळत येताना दिसेल.

घरी वहिनी एकटीच होती. मला बघून तिला रडूच आलं. अण्णा उजाडताच शेताकडं गेला होता, फडक्यातली गुंडाळी घेऊन. मी पाणीसुद्धा प्यायले नाही. चप्पल तशीच, वाट तशीच, लहानपणी जिच्यावरून अण्णाच्या मागं पळायची तीच. धाकट्याच्या तुकड्यापाशी आले तर तारा आडव्या, आणि तारेच्या आत त्याची मोटारसायकल उभी. तो दिसला नाही. मी बांधावरून, काट्याकुट्यातून वरच्या अंगानं अण्णाच्या शेताकडं निघाले. साडी दोनदा अडकली.

अण्णा खोपीच्या बाहेर दगडावर बसला होता. सुरा त्याच्या शेजारी जमिनीवर, फडक्यावर, उघडा. मी आधी सुऱ्याकडं बघितलं. स्वच्छ होता. मग अण्णाच्या हातांकडं. मग खालच्या बाजूला तारेपलीकडं धाकटा दिसला, खांबापाशी वाकून काहीतरी करत असलेला. मी तिथंच बांधावर बसले.

अण्णानं मला का आलीस म्हणून विचारलं नाही. मग मीच विचारलं, "अण्णा, काय केलंस रे?"

"काय न्हाय केलं," तो म्हणाला. आणि मग खाली बघत, थांबत थांबत त्यानं सांगितलं. धाकट्याच्या गाडीचा आवाज आला तसा तो उठला. सुरा घेतला आणि तारेपर्यंत गेला. धाकटा पाठमोरा होता, बॅटरीच्या वायरी जोडत होता. त्याला पावलांचा आवाज कळला नाही. बॅटरी अजून जोडली नव्हती, म्हणून तारेत वीज नव्हती. ओलांडली असती तरी चाललं असतं.

"त्याच्या डोक्यात मागनं पांढरं झालंय," अण्णा म्हणाला. "मला ठावंच न्हवतं. किती दिस त्याला जवळनं बघितलंच न्हाय. तिथंच हुभा ऱ्हायलो. मग परत आलो."

"काय करायला गेलतास?"

"मलाच ठाव न्हाय. आय शप्पत ठाव न्हाय. नुसतं बोलायला गेलतो म्हनावं, तर मग हातात हे कशाला हुतं?"

माझा कापलेला अंगठा ठणकत होता. अण्णानं सुरा उचलला, मुठीकडून माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, "धार काढून टाक. येती न्हवं काढाया?"

येते. लावण्यापेक्षा ती काढणं फार सोपं. खोपीमागं बोअरच्या पाइपाखाली धुण्याचा दगड आहे, आम्ही तिथं गेलो. अण्णानं सवयीनं तांब्याभर पाणी आणलं. मी म्हटलं, पाणी नको. सुरा उभा धरला, धार सरळ खाली दगडावर टेकवली आणि करवतीसारखी ओढली. जो आवाज झाला त्यानं माझे दात शिवशिवले. धार लावताना मी ज्या आवाजाला भीत होते, पातं जरा चुकलं तर येईल म्हणून, तोच आवाज मी मुद्दाम काढत होते. दोन दिवस उभ्यानं केलेलं काम चार-पाच ओढींत संपलं. उलटून, उजेडात बघितलं. धारेच्या जागी पांढरी चमकणारी रेघ दिसत होती, म्हणजे तिथं आता धार नव्हती. तरी माझं समाधान होईना. मी आणखी ओढत राहिले, टोकापासून मुठीपर्यंत, अण्णानं माझा हात धरून थांबवेपर्यंत.

त्यानं अंगठा फिरवून बघितला. मग पूर्ण तळहात पात्यावरून ओढला. काही झालं नाही. तो तिथंच उकिडवा बसला आणि तांब्यातलं पाणी तोंडावर मारून घेतलं.

खालून धाकट्यानं मला बघितलं होतं. त्यानं हाक मारली, "आक्का, कवा आलीस?" मी म्हटलं, आत्ताच, वहिनीला भेटायला. त्याला खोपीमागचं काही दिसलं नसावं. तो म्हणाला, मी आता बेळगावला निघालोय, येतीस का गाडीवर? अण्णा माझ्याकडं बघत होता. त्याला वाटत होतं मी जाऊ नये की जावं, ते मला कळलं नाही. मी आधी घरी जाऊन वहिनीला एवढंच सांगितलं की सगळं ठीक आहे, आणि मग धाकट्याच्या मागं बसले.

वाटभर तो बोलत होता. अण्णाला काही सांगायची सोय नाही, निरोपाला उलटे निरोप येतात, डुकरांनी गेल्या साली काय केलं ते त्याला दिसत नाही का, मी हप्त्यातून एकदा येणार, राखण कोण करणार. वाऱ्यानं त्याचे शब्द तुटत होते. मी त्याच्या मानेकडं बघत होते. खरंच पांढरं झालं होतं. तो रेल्वे फाटकापाशी थांबला तेव्हा मी विचारलं, "म्हशीचं काय झालं ते कळलं का तुला?"

"काय झालं? तारेला लागली एवढंच कळलं."

मी सांगितलं. गाभ पडला ते, आणि वहिनी तिच्यापाशी कशी बसून होती ते. त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. त्या दोघांच्या न बोलण्यात एवढी गोष्ट मध्येच राहून गेली होती. आगगाडी गेली, फाटक उघडलं, मागच्यांनी हॉर्न वाजवले, तरी तो गाडी पुढं घेईना. मग घेतली. मला दारात सोडलं, चहाला आला नाही.

सुऱ्याचं मी त्याला सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. कधी वाटतं सांगायला हवं होतं, कधी वाटतं बरं झालं. हे माझ्या मनातून जात नाही, आणि मी घरात फिरत राहते.

पुढच्या रविवारी धाकट्यानं वाटेवरची तार तोडून तिथं आकड्याचं फाटक केलं, प्लास्टिकच्या मुठीचं, हातानं काढून पुन्हा अडकवता येईल असं. वहिनीनं फोनवर सांगितलं. अण्णा तिथून जातो-येतो. जाताना काढतो, गेल्यावर नीट परत अडकवतो. दोघं अजून बोलत नाहीत. पण धाकट्यानं दर रविवारी म्हशीला पेंडेची पिशवी आणून दारात ठेवायला सुरुवात केलीय, आणि अण्णा ती आत घेतो, असंही वहिनी म्हणाली.

नवरा सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यानं ऐकलं आणि आपली गुंडाळी माझ्यापुढं ठेवली. मी मोरीतला दगड आणला. महिनाभर हात लावला नव्हता. बुडबुडे थांबेपर्यंत थांबले, मग पातं टेकवलं.

आता उन्हाळा लागलाय. मागच्या आठवड्यात वहिनीचा पुन्हा फोन आला. फणस यायला लागलेत, घरात एकही धड पातं नाही, मामांचा सुरा खुंटीला नुसता लोंबतोय, तर अण्णाला तो पुन्हा माझ्याकडं पाठवावा काय, असं ती विचारत होती. मी विचारलं, अण्णा काय म्हणतो. ती म्हणाली, ते गप्प आहेत, पण नको म्हणाले नाहीत. मी म्हटलं, पाठव. तेव्हापासून रोज दुपारी मी एकदा तरी दारापर्यंत जाऊन येते. अण्णा अजून आलेला नाही.